हातांची वाणी आणि चलच्चित्र : अमेरिकेतील बधिरसमाजाचा चित्रपट-निधी (१९१०-१९२०)

ज्या भाषेला लिपी नाही तिचे जतन कसे करावयाचे, हा प्रश्न भाषाभ्यासकांस नवा नाही. जात्यावरच्या ओव्या लिपीवाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या कंठस्थ होत्या म्हणून, आणि ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावर त्यांचा सूरही नोंदता आला. परंतु जी भाषा मुळात ध्वनिरूपच नाही, जिचा शब्द हातांच्या हालचालीत, चेहऱ्याच्या भावात, खांद्याच्या कलात आणि दृष्टीच्या रोखात उमटतो, तिला लेखणीही अपुरी पडते आणि ध्वनिमुद्रिकाही निरुपयोगी ठरते. चलच्चित्राचा शोध लागेपर्यंत बधिरांच्या संकेतभाषेतील एकही वाक्य ते बोलणाऱ्याच्या पश्चात जसेच्या तसे उरलेले नाही. कोशकारांनी रेखाचित्रे काढली, वर्णने लिहिली. पण चित्रात हात थांबतो आणि भाषा तर थांबत नाही.

ही अडचण प्रथम ओळखली ती विद्यापीठीय पंडितांनी नव्हे, तर त्या भाषेत बोलणाऱ्यांनीच, हे ह्या विषयाचे खरे वैशिष्ट्य होय. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९१० ते १९२० ह्या दशकात स्वतः वर्गणी जमवून आपल्या भाषेचे चित्रपट घेतले. समाजाने स्वतःसाठी, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या भाषेत चित्रपट घ्यावयाचे ही कल्पना आज 'सामुदायिक चित्रपटनिर्मिती' ह्या नावाने ओळखली जाते व ती बहुधा १९६० नंतरची मानली जाते. ह्या उदाहरणाने तो काळ निदान अर्धशतकाने मागे जातो. (येथे 'मूकबधिर' हा रूढ जोडशब्द हेतुपुरस्सर टाळला आहे. ज्यांना भाषा आहे त्यांना मूक म्हणणे युक्त नव्हे. आणि वादाचा मुद्दा तोच होता.)

ह्या उपक्रमामागील निकड समजण्यासाठी १८८० सालाकडे जावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इटलीतील मिलान नगरीत बधिरशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी होते. त्यांत इटालियन व फ्रेंच शिक्षकांचा भरणा होता आणि बधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. परिषदेने प्रचंड बहुमताने असा ठराव केला, की बधिर मुलांना शिकविताना संकेतांपेक्षा वाचेचीच पद्धती श्रेष्ठ मानावी. संकेत आणि वाचा ह्यांचे मिश्रणही नको. मुलाने शिक्षकाचे ओठ वाचावे, स्वतःला ऐकू न येणारे ध्वनी घशातून काढण्यास शिकावे आणि हात स्वस्थ ठेवावेत, असा ह्या मताचा इत्यर्थ. विरोधी मते देणाऱ्या मूठभर प्रतिनिधींत बहुतेक अमेरिकन होते. ह्याच ठरावाच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट १८८० मध्ये, ओहायो राज्यातील सिन्सिनाटी येथे अमेरिकेतील बधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापली होती. दोन्ही घटना एकाच ऋतूतल्या असाव्यात हा योगायोग. पण पुढील तीस वर्षांचा संघर्ष ह्या दोन टोकांमधलाच आहे.

वाचापद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे. त्यांची आई ऐकू न येणारी होती, पत्नीही बधिर होती. तेव्हा त्यांना ह्या विषयाची कळकळ नव्हती असे म्हणता येत नाही. तथापि १८८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी अशी भीती व्यक्त केली, की बधिरांच्या स्वतंत्र शाळा, त्यांच्या संस्था आणि त्यांची भाषा ह्यांमुळे ते आपापसांत विवाह करतात व त्यातून मानवजातीची एक बधिर उपजात निर्माण होईल. भाषा नष्ट करण्याचा आग्रह हा अशा रीतीने केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न राहिला नाही. १९११ मध्ये नेब्रास्का राज्याने आपल्या सरकारी शाळेत वाचापद्धती कायद्याने बंधनकारक केली. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील दर पाच बधिर विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौघे संकेतांवाचून शिकत होते. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर वर्गातून भाषेचे आदर्शही गेले.

ह्या पार्श्वभूमीवर जॉर्ज विल्यम व्हेडिट्झ यांचे कार्य पाहावयास हवे. त्यांचा जन्म १८६१ मध्ये बाल्टिमोर येथे जर्मन स्थलांतरितांच्या घरी झाला. आठव्या वर्षी तापाच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली. तोवर त्यांना जर्मन व इंग्रजी ह्या दोन्ही भाषा येत होत्या. संकेतभाषा ही त्यांची तिसरी. वॉशिंग्टन येथील बधिरांच्या महाविद्यालयातून (जे पुढे गॅलॉडेट महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले) १८८४ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. मेरीलँड व कोलोरॅडो येथील बधिरशाळांत त्यांनी अध्यापन केले, कुक्कुटपालन केले, त्या विषयावरील नियतकालिके संपादिली. १९०४ ते १९१० पर्यंत ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. दोन भाषा कानाने आणि एक डोळ्याने शिकलेल्या ह्या गृहस्थांना संकेतभाषा ही इंग्रजीची मोडकी सावली नसून स्वतंत्र भाषा आहे ह्याची खात्री होती, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. विद्वत्तेला मात्र ह्याच निष्कर्षापर्यंत येण्यास १९६० साल उजाडावे लागले; विल्यम स्टोकी यांचा संकेतभाषेच्या रचनेवरील प्रबंध त्या वर्षीचा आहे.

संघटनेने चलच्चित्रासाठी पाच हजार डॉलरांचा निधी उभारला. समितीचे काम प्रथम ऑस्कर रेगेन्सबर्ग यांच्याकडे होते, नंतर ते रॉय स्टुअर्ट यांनी सांभाळले. ही रक्कम एखाद्या धनिकाने दिलेली नव्हती. ती देशभरातील बधिरांच्या वर्गणीतून जमली. कोणाचे चित्रण करावयाचे, काय बोलावयाचे, फिती कोठे पाठवावयाच्या हे सारे समितीच ठरवीत असे. तयार झालेल्या फिती बधिरांच्या मंडळांना, शाळांना व मेळाव्यांना दाखविण्यासाठी गावोगाव पाठविल्या जात. म्हणजे पैसा, भाषा, वक्ता आणि प्रेक्षक ही चारही अंगे एकाच समाजाची होती. अशी एकात्मता पुढील काळातील कितीतरी सद्‌हेतुप्रेरित उपक्रमांना साधलेली नाही.

पहिले चित्रण १९१० मधील. वॉशिंग्टनच्या महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड मायनर गॅलॉडेट तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना ऐकू येत होते, पण त्यांची आई बधिर असल्याने संकेतभाषा ही त्यांच्या घरची भाषा होती. त्यांनी इंग्लंडातील डेव्हनशरच्या प्रवासाचे वर्णन केले. एडवर्ड फे यांनी ब्राझीलचे सम्राट दोम पेद्रो यांनी महाविद्यालयास दिलेल्या भेटीची हकीकत सांगितली. संघटनेचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट मॅक्‌ग्रेगर यांनी विश्वबंधुत्वावर प्रवचन केले. मेरी विल्यम्सन एर्ड यांनी लाँगफेलोच्या काव्यातील मिनेहाहाच्या मृत्यूचा प्रसंग साभिनय सादर केला. व्यवसायाने रसायनज्ञ असलेले जॉर्ज डॉहर्टी यांनी क्लोरोफॉर्मच्या शोधाची कथा विनोदी ढंगाने सांगितली. विषयांची ही निवड वरवर पाहता विस्कळित वाटते. परंतु तिच्यात एक मूक युक्तिवाद आहे : प्रवासवर्णन, इतिहास, धर्म, काव्य, विज्ञान आणि विनोद ह्यांपैकी एकही प्रांत ह्या भाषेला अगम्य नाही.

भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची फीत जॉन हॉचकिस यांची. १९१३ च्या ह्या चित्रणात त्यांनी हार्टफर्डच्या शाळेतील आपल्या विद्यार्थिदशेच्या आठवणी सांगितल्या आहेत. हार्टफर्डची शाळा १८१७ मधील. पॅरिसहून आलेले बधिर शिक्षक लोराँ क्लेर यांनी तेथे फ्रेंच संकेतभाषेचे बीज अमेरिकेत रुजविले. हॉचकिस शिकत होते तेव्हा क्लेर निवृत्त होऊन वृद्ध झाले होते, पण शाळेत येत आणि मुलांशी बोलत. त्यांचा जन्म १७८५ चा. तेव्हा ही फीत पाहणारा अभ्यासक एका साक्षीदाराच्या हातांमधून थेट अठराव्या शतकात शिक्षण घेतलेल्या माणसाच्या बोलण्याची लकब पाहत असतो. टेड सुपाला यांच्यासारख्या बधिर भाषाशास्त्रज्ञांनी अमेरिकन संकेतभाषेच्या ऐतिहासिक व्याकरणासाठी ह्या फितींचा जो उपयोग केला, तो ह्यामुळेच शक्य झाला. जुने संकेत आणि आजचे संकेत शेजारी ठेवले की परिवर्तनाच्या दिशा दिसू लागतात : चेहऱ्यापाशी दोन हातांनी होणारे संकेत एका हातावर येतात, डोळे व तोंड झाकणारे संकेत गालाकडे वा कपाळाच्या कडेला सरकतात, लांब हालचाली आखूड होतात. उच्चारसौकर्याने संस्कृत शब्दांची प्राकृतात जी झीज झाली तिच्याशी ह्याचे नाते मराठी वाचकास सहज जाणवेल.

व्हेडिट्झ यांचे स्वतःचे भाषणही १९१३ मधीलच. विषय संकेतभाषेचे जतन. चित्रपटात दुसरे काहीही नाही. एक मनुष्य कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि सुमारे पाव तास बोलतो. मिलानच्या ठरावाला तेहतीस वर्षे झाल्याचे तो सांगतो. फ्रान्समधील बधिर अमेरिकेतील बांधवांकडे शृंखलाबद्ध कैद्याने मोकळ्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात असे म्हणतो. बायबलातील खोट्या संदेष्ट्यांची उपमा देऊन वाचापद्धतीच्या पुरस्कर्त्यांवर प्रहार करतो. मग हिशेबाकडे वळून पाच हजारांऐवजी वीस हजार डॉलर असते तर किती प्रवचने, व्याख्याने, नाट्यप्रयोग टिपता आले असते अशी खंत व्यक्त करतो. ओजस्वी वक्तृत्वाच्या ऐन भरात हिशेबाची वही उघडण्याची ही रीत सार्वजनिक कार्य केलेल्या माणसाचीच.

चित्रणाच्या तंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण तंत्राने भाषेवर आपली छाप उमटविली आहे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत व सेकंदाला सुमारे सोळा चित्रे पडत. बोटांनी अक्षरे करून नाव सांगण्याचा वेग इतका असतो, की एवढ्या चित्रांत मधली अक्षरे पुसट होतात. पडदा सपाट असल्याने समोर येणारा व मागे जाणारा हात यांतील भेद कमी होतो. वक्त्याला चौकटीच्या बाहेर हात नेता येत नाही. प्रेक्षक समोर नसल्यामुळे, 'समजले का' म्हणून जी नजर बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जाते ती शून्यात जाते. ह्या फितींत दिसते ती संथ, भारदस्त, व्यासपीठावरची भाषा. जेवताना, भांडताना, मुलांना दटावताना ही माणसे अशी बोलत नसणार. केवळ ह्या फितींवरून तत्कालीन संकेतभाषेचे व्याकरण लिहिणे म्हणजे केवळ चिपळूणकरांच्या निबंधांवरून पुण्यातील पेठांतले मराठी ठरविण्यासारखे होईल.

दुसरी मर्यादा तंत्राची नसून समाजाची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. समितीने जे 'भाषाप्रभू' निवडले ते बहुतांशी वयस्क, महाविद्यालयाशी संबंधित, गोरे पुरुष होते. काहींना तर ऐकूही येत होते. दक्षिणेतील वर्णभेदी शाळांत शिकलेल्या कृष्णवर्णीय बधिरांना ह्या पडद्यावर स्थान मिळाले नाही. पुढे १९२५ मध्ये संघटनेने त्यांना सभासदत्वापासूनच वंचित केले आणि ही बंदी उठण्यास १९६० नंतरचे दशक यावे लागले. वेगळ्या शाळांमुळे त्यांच्या संकेतभाषेचे वेगळे वळण तयार झाले होते, हे कॅरोलिन मॅकास्किल आदी संशोधकांनी २०११ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. विशेष म्हणजे, गोऱ्या मुलांच्या शाळांत वाचापद्धती कडकपणे लादली जात असताना कृष्णवर्णीयांच्या शाळांकडे तेवढे लक्ष दिले गेले नाही, आणि त्या उपेक्षेमुळेच तेथे दोन हातांनी करावयाचे काही जुने संकेत अधिक काळ टिकले. ज्या जुन्या भाषेच्या रक्षणासाठी निधी उभारला, तिचे काही अवशेष ज्यांना दारात घेतले नाही त्यांच्यापाशी शाबूत होते. 'आवाज देणे' ह्या शब्दप्रयोगाची चिकित्सा करताना हा विपर्यास दृष्टीआड करता येत नाही.

१९१३ हे वर्ष मराठी वाचकास अन्य कारणाने परिचित आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. मूकपटाचे हे युग बधिर प्रेक्षकांच्या दृष्टीने सुवर्णयुगच होते. अभिनय डोळ्यांना कळे, संवाद मजकुराच्या पाट्यांवर वाचता येत. चित्रगृहातील काळोखात ऐकणारा आणि न ऐकणारा एकाच पातळीवर बसत. १९२७ नंतर बोलपट आले आणि पाट्या गेल्या. कलेच्या इतिहासात ज्याचे वर्णन प्रगती म्हणून होते, त्याच घटनेने एका मोठ्या वर्गाला चित्रगृहाबाहेर काढले. भारतात १९३१ च्या 'आलम आरा'ने व मराठीत १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ने हेच केले. मूकपटांत काम केलेले बधिर नट इमर्सन रोमेरो यांनी १९४७ मध्ये बोलपटांच्या प्रती मिळवून त्यांत स्वतः मजकुराच्या पाट्या जोडण्याचा खटाटोप केला. सरकारी पातळीवर अमेरिकेत बधिरांसाठी सशब्द चित्रपटांचा कायदा झाला तो १९५८ मध्ये.

निधीचे चित्रपट संपले त्या सुमारास हौशी लोकांच्या हाती छोटे कॅमेरे आले. शिकागोचे चार्ल्स क्राउल हे बधिर गृहस्थ १९२५ पासून बधिरांच्या सहली, अधिवेशने व स्नेहमेळावे टिपीत राहिले. त्यांच्या फितींत व्यासपीठ नाही. टोप्या घातलेली माणसे गवतावर बसून एकमेकांची थट्टा करीत आहेत, मेळाव्यात एक जण एक-दोन, एक-दोन-तीन अशा ठेक्यावर संकेतगीत म्हणतो आणि समुदाय हातांनी ताल धरतो. कान नसताना ताल कोठून आला, असा प्रश्न ऐकणाऱ्यास पडतो. फीत पाहिल्यावर तो पडत नाही. सुपाला यांनी १९९४ मध्ये क्राउल यांच्यावर अनुबोधपट केला, तोवर ही रिळे कौटुंबिक आठवणींच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. निधीच्या समितीने भाषेचे उत्तम नमुने निवडले. क्राउल यांनी निवड केलीच नाही, आणि म्हणूनच दैनंदिन बोलणे त्यांच्याकडे सापडते. संशोधकास दोन्हींची गरज आहे. तरीही एकाच फितीला आगीतून वाचविण्याची वेळ आली, तर बहुतेक भाषाशास्त्रज्ञ क्राउल यांच्याकडे हात नेतील.

कॅमेरा कोणाच्या हाती, हा प्रश्न पुढे बधिरांपुरता राहिला नाही. १९६७ मध्ये खांद्यावर नेता येईल असे ध्वनिचित्रमुद्रण-यंत्र बाजारात आले. १९७१ च्या उन्हाळ्यात 'पीपल्स व्हिडिओ थिएटर' ह्या न्यूयॉर्कच्या मंडळाने कॅटस्किल डोंगरातील कॅम्प जेनेड ह्या अपंग तरुणांच्या शिबिरात असे यंत्र नेले. चाकाच्या खुर्चीतील पंधरा वर्षांच्या जेम्स लेब्रेक्ट यांच्या हाती त्यांनी कॅमेरा दिला व शिबिर दाखविण्यास सांगितले. ह्या फितींतील एका बैठकीत तरुण मुले आईवडिलांविषयी व खाजगीपणाच्या हक्काविषयी बोलत आहेत. एका मुलीचे उच्चार मेंदूच्या पक्षाघातामुळे अतिशय अस्पष्ट आहेत. तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत कोणीही मध्ये पडत नाही. कॅमेराही वळत नाही. मग दुसरा एक जण तिचे म्हणणे काय ते सांगतो. नभोवाणी वा दूरचित्रवाणीवरील कोणत्याही संपादकाने ते क्षण कापून टाकले असते. ह्याच शिबिरातील काही जण १९७७ च्या एप्रिलमध्ये, पुनर्वसन कायद्याच्या पाचशे चाराव्या कलमाचे नियम जारी व्हावेत म्हणून, सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले. दूरध्वनी तोडले गेले तेव्हा आतील बधिर निदर्शकांनी खिडकीतून संकेतभाषेत बाहेर निरोप दिले. लेब्रेक्ट व निकोल न्यूनहॅम यांनी जेनेडच्या जुन्या फिती वापरून केलेला 'क्रिप कॅम्प' हा अनुबोधपट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मूळ चित्रण जगापुढे येण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

व्हेडिट्झ यांच्या फितीचे भाग्य त्या मानाने बरे म्हणावयाचे. निधीचे बरेचसे चित्रपट टिकले, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात पोचले, आणि डिसेंबर २०१० मध्ये त्यांचे भाषण राष्ट्रीय चित्रपट-सूचीत समाविष्ट झाले. त्याच वर्षीच्या जुलैत व्हँकूवर येथे भरलेल्या बधिरशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८८० चे मिलानचे ठराव अधिकृतपणे त्याज्य ठरविले व त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला.

भारतात बधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली, म्हणजे मिलानचा ठराव ताजा असताना. येथील शाळांतून दीर्घकाळ वाचापद्धतीचेच वर्चस्व राहिले. संकेत वर्गात नव्हे तर वसतिगृहांत व मधल्या सुट्टीत मुलांकडून मुलांकडे गेले. मदन वासिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी १९७७ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील संकेत गोळा करून तपासले, तेव्हा शब्दांत स्थानिक फरक असूनही व्याकरण समान असल्याचे त्यांना आढळले. नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर नेला. त्यातील नोंदी चलच्चित्ररूप आहेत. छापील पानावर हा कोश होऊच शकला नसता. परंतु कोशात शब्द सुटे असतात. शिकागोच्या गवतावर बसलेल्या मंडळींसारखे, मुंबईच्या वा नागपूरच्या बधिर मंडळांतील वृद्ध सभासदांचे सलग संभाषण टिपणे हे स्वतंत्र काम आहे, आणि संकेतभाषेचे जुने वळण ज्यांच्या हातांत आहे त्यांच्या हयातीतच ते करता येण्याजोगे आहे.